लेडिकेनीच्या आधीचा छेना

कोलकात्याची लेडिकेनी पहिल्यांदा पाहणारा मराठी माणूस तिला गुलाबजामच समजतो. रंग तोच, पाकही तसाच. पण गुलाबजाम खव्याचा आणि लेडिकेनी छेन्याची, म्हणजे दूध फाडून, फडक्यात बांधून, पाणी निथळून उरतो त्या ऐवजाची. छेना हाताला तूप सुटेपर्यंत मळतात, थोडा मैदा घालतात. गोळ्याच्या पोटात वेलदोड्याचा दाणा असलेली साखरेची छोटी गोळी ठेवून मंद आचेवर तुपात तळतात. तळताना आतली साखर विरघळते, मधोमध पोकळी राहते आणि तिथे पाक साठतो.

नाव लेडी कॅनिंगचं. 1858 साली पहिले व्हाइसरॉय झालेल्या लॉर्ड कॅनिंग यांची ही पत्नी, शार्लट. नोव्हेंबर 1861 मध्ये कोलकात्यातच ती मलेरियाने गेली. बहूबाजारचे हलवाई भीमचंद्र नाग यांनी ही मिठाई केली, असं सांगतात. कुणी म्हणतं तिच्या वाढदिवसासाठी, कुणी म्हणतं तिच्या आठवणीखातर. लेडिकेनी पंतुआच्याच, म्हणजे छेन्याचे गोळे तळून पाकात सोडलेल्या बंगाली मिठाईच्याच कुळातली, त्यामुळे नागांनी शून्यातून काही निर्माण केलं असं मला वाटत नाही.

छेन्याच्या उगमाबद्दल एक मत फार ऐकू येतं. दूध नासवणं आपल्याकडे अशुभ मानत, हुगळीकाठच्या पोर्तुगीजांनी ते शिकवलं आणि मग बंगाली मिठाई बहरली, असं ते मत. सतराव्या शतकातला फ्रेंच प्रवासी बर्निये बंगालमधल्या पोर्तुगीजांच्या मिठाईकौशल्याची वाखाणणी करतो, हे खरं. पण तो नावं घेतो ती मुख्यतः साखरेत मुरवलेल्या फळांची: लिंबू, आंबा, अननस, आलं.

मला महत्त्वाचा वाटतो तो त्याच्याही पाचशे वर्षं आधीचा पुरावा, आणि तो आपल्या अगदी शेजारचा आहे. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ शके 1051 चा, म्हणजे इसवी सन 1129च्या सुमाराचा. कांडताना महाराष्ट्रातल्या बायका ओव्या गातात, ही नोंद त्यातलीच. मराठीचे अभ्यासक ती नेहमी सांगतात. त्याच ग्रंथाच्या अन्नप्रकरणात ‘क्षीरप्रकार’ नावाचं पक्वान्न आहे. तापलेलं दूध आंबट ताकाने फाडायचं, कापडातून गाळायचं, घट्ट भागात तांदळाचं पीठ मिसळून आकार द्यायचा, तुपात तळायचं आणि साखरेच्या पाकात सोडायचं. मैद्याच्या जागी तांदळाचं पीठ, एवढं सोडलं तर ही आजचीच रीत. तेव्हा निदान दख्खनच्या राजवाड्यात तरी फाटलेलं दूध निषिद्ध नव्हतं. ते मुद्दाम फाडून राजाच्या ताटात वाढत होते.

पाकातल्या तळलेल्या छेन्यावर बंगालचा एकट्याचा हक्क आजही नाही. ओडिशात पुरी जिल्ह्यातलं निमापाडा छेना झिलीसाठी प्रसिद्ध आहे. ताज्या छेन्याचे चपटे गोळे तळून तिथे हलक्या पाकात टाकतात.