भुतांचे मुखवटे आणि पावसाचे पुण्य : ईसानमधील ग्रामीण उत्सवांची पार्श्वभूमी

थायलंडच्या लोई प्रांतात, डोंगरांच्या कुशीत वसलेल्या दान साई या छोट्याशा गावात, साधारणपणे जून किंवा जुलै महिन्यात तीन दिवसांचा एक उत्सव होतो. रंगीबेरंगी मुखवटे घातलेली, कमरेला गुरांच्या गळ्यातल्या घंटा बांधलेली शेकडो ‘भुते’ रस्त्यावर उतरतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची थट्टामस्करी करत नाचतात. ‘फी ता खोन’ या नावाने ओळखली जाणारी ही मिरवणूक पाहण्यासाठी आता थायलंडमधूनच नव्हे, तर परदेशांतूनही प्रवासी येतात, आणि पर्यटनाच्या पत्रकांत तिचे वर्णन बहुधा ‘प्राचीन’ या एकाच विशेषणाने उरकलेले असते. हे विशेषण खोटे नाही, पण ते अपुरे आहे. उत्सवाचे वय आणि त्याच्या आजच्या रूपाचे वय या दोन वेगळ्या गोष्टी असून, मधल्या काळात या गावावरून राज्ये, सीमा, धर्मसुधारणा आणि एक दीर्घ सशस्त्र संघर्ष एवढे सारे गेलेले आहे.

आरंभ भूगोलापासूनच करावा लागतो. लोईसह थायलंडच्या ईशान्य भागाला ‘ईसान’ म्हणतात. मराठी वाचकाला हा शब्द ओळखीचा वाटेल, कारण तो आपल्या ‘ईशान्य’ दिशेच्याच मुळातून आलेला आहे. येथील बहुसंख्य लोक भाषेने आणि चालीरीतींनी मेकाँग नदीपलीकडच्या लाओ लोकांशी जोडलेले आहेत. 1900 च्या सुमारास बँकॉकच्या राज्यकर्त्यांनी या प्रदेशाच्या प्रशासकीय नावातून ‘लाओ’ हा शब्द काढून दिशावाचक संस्कृत नाव रूढ केले, ते काही निव्वळ भाषाप्रेमापोटी नव्हे. 1893 मध्ये मेकाँगचा डावा तीर फ्रेंचांच्या ताब्यात गेल्यावर, उजव्या तीरावरील लाओभाषकांवरही ते हक्क सांगतील ही भीती त्यामागे होती. ईसानचा मोठा भाग कोरातच्या पठारावर पसरलेला आहे. जमीन रेताड, पाणी धरून न ठेवणारी, आणि भाताचे पीक बव्हंशी पावसावर अवलंबून. मृग कोरडा गेला तर काय होते, हे ज्यांना सांगावे लागत नाही अशांचाच हा मुलूख आहे.

या लोकांचे वर्ष ‘हीत सिप सोंग’ म्हणजे बारा महिन्यांच्या बारा रीतींनी बांधलेले असते. ‘हीत’ हा शब्द पाली ‘चारित्त’पासून आलेला आहे आणि या रीतींना ‘बुन’ म्हणजे पुण्य म्हणतात. चौथ्या चांद्रमासातील ‘बुन फ्रा वेट’ या रीतीत वेस्संतर जातकाचे, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माच्या कथेचे, पठण होते, तर सहाव्या मासातील ‘बुन बांग फाय’ या रीतीत आकाशात अग्निबाण सोडून ‘फाया थेन’ या आकाशदेवतेकडे पाऊस मागितला जातो. दान साईचे वैशिष्ट्य असे, की येथे या वेगवेगळ्या महिन्यांच्या रीती एकत्र करून ‘बुन लुआंग’ नावाचा एकच मोठा पुण्यसोहळा केला जातो. फी ता खोन हा त्याचा एक भाग आहे. प्रवासी मुखवट्यांची मिरवणूक पाहून परततात तेव्हा त्यांनी एका लांबलचक विधीचे फक्त मधले पान पाहिलेले असते.

अग्निबाण आणि जातककथा एकत्र कशा आल्या, हे वरवर कोड्यासारखे वाटते. वेस्संतर हा बुद्धाचा शेवटून दुसरा जन्म. दानशूर राजपुत्र वेस्संतर आपल्या राज्यात पाऊस आणणारा पांढरा हत्ती अवर्षणाने गांजलेल्या कलिंगाच्या ब्राह्मणांना देऊन टाकतो. संतापलेली प्रजा त्याला हद्दपार करते, वनवासात तो मुलांचे आणि पत्नीचेही दान करतो, आणि अखेर सर्वांची पुनर्भेट होते तेव्हा आकाशातून अद्भुत पाऊस बरसतो. आपल्याकडे अजिंठ्याच्या 17 व्या लेण्यात हीच कथा ‘विश्वंतर जातक’ म्हणून भिंतीवर रंगवलेली आहे, पण ती पाहताना आपले लक्ष राजपुत्राच्या त्यागाकडे जाते. ईसानच्या शेतकऱ्याला मात्र तिच्यात हत्तीबरोबर गेलेला पाऊस दिसला असावा, असे मला वाटते. पावसापासून सुरू होऊन पावसापाशी येणारी ही कथा अग्निबाणांच्या शेजारी बसवायला त्याला फारसे कष्ट पडले नसतील.

भुतेही याच कथेतून येतात, असे स्थानिक परंपरा सांगते. वेस्संतर नगरीत परतला तेव्हा त्याच्या निरोपासाठी, किंवा आनंदाच्या भरात, वनातील भुतेखेतेही त्याच्या मिरवणुकीत मिसळली. ‘माणसांमागून आलेली भुते’ या अर्थाच्या ‘फी ताम खोन’ या शब्दांचा अपभ्रंश होऊन ‘फी ता खोन’ झाले, अशी व्युत्पत्ती दिली जाते. लोकव्युत्पत्ती म्हणून ती गोड आहे. पुरावा म्हणून तिच्यावर फार भार टाकू नये. मूळ जातकात अशी भुते नाहीत, आणि भूतपूजा या प्रदेशात बौद्ध धर्माच्या आधीपासून आहे. आधीच्या श्रद्धेला नव्या कथेत जागा करून देण्याचा हा प्रकार आपल्या ग्रामदैवतांच्या कथांतही पदोपदी आढळतो.

मुखवटा जवळून पाहिला तर ही सारी गुंतागुंत हाताला लागते. डोक्यावरचा भाग म्हणजे ‘हुअत’, अर्थात रात्रभर भिजवलेला चिकट तांदूळ वाफवण्याची, बांबूच्या पातळ कामट्यांची शंकूसारखी टोपली. ती उलटी करून टोपीसारखी डोक्यावर बसवतात. चेहरा नारळाच्या झावळीच्या बुडाशी असलेल्या रुंद, वाळक्या भागाचा. त्यात डोळ्यांसाठी भोके पाडलेली, आणि पुढे हलक्या लाकडाचे लांब, शिंगासारखे वळलेले नाक. अंगावर जुन्या चादरींच्या आणि चिंध्यांच्या तुकड्यांचा झगा, हातात लाल टोकाची लाकडी तलवार किंवा उघडउघड लिंगाच्या आकाराचा दांडका, जो सुफलनाचे प्रतीक आहे आणि ज्याच्यामुळे मिरवणुकीतल्या विनोदाला ऊत येतो. रोजच्या स्वयंपाकघरातली टोपली भुताच्या डोक्यावर चढते, यात शेतकऱ्याची काटकसर जितकी आहे तितकीच त्याची देवाशी असलेली सलगीही आहे.

या उत्सवाची तारीख छापील दिनदर्शिकेवर शोधून उपयोग नसतो. ती ‘चाओ फो कुआन’ हा गावाच्या रक्षक देवतांचा माध्यम, म्हणजे ज्याच्या अंगात त्या देवता येतात तो माणूस, ठरवतो. त्याच्याबरोबर ‘नांग थियाम’ ही स्त्रीमाध्यमही असते. पहिल्या दिवशी पहाटेच्या अंधारात गावकरी मान नदीवर जातात, पाण्यातून गोटे काढतात आणि ‘फ्रा उपाकुत’ म्हणून ते वाट फोन चाय या विहारात आणून बसवतात. उपाकुत म्हणजे सम्राट अशोकाच्या कथांतला भिक्षू उपगुप्त. तो पाण्याखाली राहतो आणि उत्सवात विघ्न आणणाऱ्या माराला, बौद्ध कथांतल्या दुष्ट शक्तीला, आवरतो, अशी समजूत ब्रह्मदेशापासून लाओसपर्यंत आहे. मथुरेशी जोडलेला भिक्षू दान साईच्या नदीत गोट्याच्या रूपाने सापडावा, हा प्रवास कोणत्याही पर्यटकाच्या प्रवासापेक्षा लांबचा आहे. त्यानंतर सारे माध्यमाच्या घरी जातात आणि तेथे माणसाची चेतना स्थिर राहावी म्हणून मनगटांवर पांढरे दोरे बांधले जातात.

दान साईच्या राजकीय इतिहासाची खूण गावाजवळच्या टेकडीवर उभी आहे. ब्रह्मदेशाच्या वाढत्या सत्तेच्या भीतीने अयुथया या सयामी राज्याचा राजा महाचक्रफत आणि लान सांग या लाओ राज्याचा राजा सेत्थाथिरात यांनी मैत्रीचा करार केला आणि त्याची साक्ष म्हणून 1560 ते 1563 या काळात ‘फ्रा थात सी सोंग राक’ हा स्तूप बांधला. दोघांच्या प्रेमाचा स्तूप, असा त्याचा अर्थ. लाल हा रक्ताचा रंग म्हणून येथे लाल कपडे घालून जाण्यास आजही मनाई आहे, आणि प्रवाशाने ही गोष्ट सामान भरतानाच लक्षात ठेवावी. दोन राज्यांच्या सीमेवरची ही जागा पुढे आणखी एका सीमेत अडकली. विसाव्या शतकाच्या आरंभी दान साई काही वर्षे फ्रेंचांकडे होते. 1907 च्या करारात सयामने, म्हणजे तेव्हाच्या थायलंडने, आज कंबोडियात असलेले बत्तांबांग, सिएम रिआप आणि सिसोफोन हे प्रदेश सोडले, तेव्हा त्राट आणि दान साई त्याला परत मिळाले.

त्याच काळात बँकॉकने धर्मसंस्थेवरही पकड बसवली. 1902 च्या संघ कायद्याने प्रांतोप्रांतीचे विहार एका केंद्रीय व्यवस्थेखाली आले. दैवी शक्तीचा दावा करणाऱ्या ‘पुण्यवंतां’चे बंड ईसानमध्ये 1901-02 मध्येच होऊन गेले होते, त्यामुळे माध्यमे आणि भुते यांच्याकडे राजधानीने कौतुकाने पाहणे शक्य नव्हते. राजधानीतल्या सुशिक्षित वर्गात जातककथांनाही आता भाकडकथा मानले जाऊ लागले होते. डोंगराआडच्या गावांत मात्र दोन्ही टिकून राहिले.

दुर्गमतेने राखलेले हे वेगळेपण पुढे संघर्षामुळे आणखी काही काळ लांबले. लोई, फित्सनुलोक आणि फेच्चाबून या तीन प्रांतांच्या सीमेवरील फू हिन रोंग क्ला हा डोंगराळ टापू 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून 1980 च्या दशकाच्या आरंभापर्यंत थायलंडच्या कम्युनिस्ट पक्षाचा बालेकिल्ला होता, आणि त्याचा काही भाग दान साई तालुक्यातच येतो. 1980 च्या शासकीय आदेशाने शरण येणाऱ्यांसाठी माफीचे धोरण आले, बंड निवळले आणि रस्ते मोकळे झाले. 1987 हे वर्ष सरकारने ‘थायलंड पर्यटन वर्ष’ म्हणून साजरे केले. पर्यटन प्राधिकरणाचे लक्ष ग्रामीण उत्सवांकडे वळण्याच्या या काळात दान साईची भुतेही देशाच्या जाहिरातीत आली. साधे, मोजक्या रंगांचे मुखवटे मग नक्षीदार आणि झगझगीत होत गेले, शाळांची पथके आणि स्पर्धा आल्या. याला कोणी भ्रष्ट होणे म्हणेल; पण तारीख अजूनही माध्यमच ठरवतो, आणि मिरवणुकीतली, बांबूच्या सांगाड्याची, एक स्त्री आणि एक पुरुष अशी दोन मोठी भुते विधिवत परवानगीशिवाय कोणालाही करता येत नाहीत. दिखाऊ भाग पाहुण्यांना देऊन गावाने गाभा आपल्याकडे ठेवला, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

पूर्वी मुखवटे उत्सवानंतर मान नदीत सोडून दिले जात आणि त्यांच्याबरोबर वर्षभराचे अरिष्टही वाहून जाई. आता बरेचसे मुखवटे विकले जातात किंवा पुढच्या वर्षासाठी ठेवले जातात, आणि काही विहाराच्या आवारातील संग्रहालयात मांडलेले आहेत. उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी वेस्संतराची मिरवणूक गावात येते, अग्निबाण उडतात, आणि बहुतेक प्रवासी परतीची वाट धरतात. तिसऱ्या दिवशी वाट फोन चायमध्ये भिक्षू जातकाची 13 कांडे वाचतात. ती सगळी एका दिवसात ऐकणाऱ्याला भावी बुद्ध मैत्रेयाच्या काळात जन्म मिळतो, अशी श्रद्धा असल्याने म्हाताऱ्या बायका सकाळपासून जागा धरून बसलेल्या असतात. राजपुत्र नगरीत परततो तो प्रसंग, ज्याची मिरवणूक आदल्या दिवशी सगळ्यांनी पाहिली, तेराव्या कांडात येतो. त्यामुळे तो वाचला जातो सर्वांत शेवटी.