पंप लावला तरी पान्हा फुटावा लागतो

माझ्या भाचीला गेल्या महिन्यात 31व्या आठवड्यातच मुलगी झाली. बाळ पुण्यातल्या एका रुग्णालयात काचेच्या पेटीत, तोंडातून पोटात नळी घातलेली. 'सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही' हे घरी कुणीतरी बोललंच. हे साफ चूक आहे. दिवस पूर्ण भरेपर्यंत पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

भाचेजावई मेडिकलमधून आईचं दूध काढायचा 'सगळ्यात जास्त ताकदीचा' इलेक्ट्रिक पंप घेऊन आले. भाचीने बटण शेवटपर्यंत फिरवलं. स्तनाग्रं सोलवटली, बाटलीत मात्र जेमतेम चमचाभर दूध. 'हिला दूधच नाही,' असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

पंप म्हणजे बोअरची मोटर, जितकी ताकद तितकं पाणी, ही समजूत इथे नडली. स्तनात द्राक्षाच्या घडांसारख्या असंख्य सूक्ष्म पिशव्या असतात. दूध त्यांच्या भिंतीतल्या पेशी तयार करतात आणि ते पिशवीतच साठतं. नुसतं बाहेरून खेचून त्यातलं फार थोडं हाती लागतं. प्रत्येक पिशवीभोवती आकुंचन पावणाऱ्या पेशींची जाळी असते. स्तनाग्राला स्पर्श झाला की मज्जातंतूंवाटे निरोप मेंदूत जातो, पियुषिका ग्रंथीच्या मागच्या भागातून ऑक्सिटोसिन रक्तात सुटतं, जाळी आवळते आणि दूध आतूनच नलिकांमध्ये ढकललं जातं. आपल्याकडे यालाच पान्हा फुटणं म्हणतात. तो लाटांनी येतो. एक लाट ओसरली की थोड्या वेळाने दुसरी. वेदना आणि भीती मात्र ऑक्सिटोसिनला मेंदूतच अडवतात. बटण शेवटपर्यंत फिरवल्यावर नेमकं हेच झालं होतं.

बाळ आधी भराभर, हलकं ओढतं आणि दूध येऊ लागलं की सावकाश, साधारण सेकंदाला एकदा. चांगले पंप हीच नक्कल करतात. सुरुवातीला मिनिटाला शंभराच्या वर हलके झटके, मग संथ लय. जोर दुखणार नाही इतकाच ठेवायचा.

दूध साचून राहिलं की तयार होण्याचा वेग मंदावतो. म्हणून दिवसरात्र मिळून आठ ते दहा वेळा काढायचं, रात्रीसुद्धा. दोन्ही बाजूंना एकदम लागणाऱ्या पंपाने वेळ निम्मा होतो, आणि बाळ दूर असताना तोच सोयीचा. हातपंप अधूनमधून ठीक. रबरी फुग्याचा मात्र नकोच. दूध फुग्यात शिरतं आणि तो आतून नीट धुता येत नाही.

पहिले दोन दिवस हात सगळ्यांत उत्तम. चिकाचे थेंब पंपाच्या भांड्यालाच चिकटून वाया जातात, हाताने काढले तर वाटीत किंवा सिरिंजमध्ये धरता येतात. 'पिवळं दूध जड' म्हणून ते फेकून बाळाला मध चाटवणाऱ्यांना हात जोडून सांगतो, असं करू नका. चिकात संरक्षक प्रतिपिंडं ठासून भरलेली असतात, तर मधातून बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे जिवाणू जाऊ शकतात.

आईचं दूध कमी पडलं तर दुसऱ्या मातांनी दान केलेलं दूध देणारी दुग्धपेढी असते, पुण्यात ससून रुग्णालयातही आहे. तिथे दूध 62.5 अंशांवर 30 मिनिटं तापवतात. जंतू मरतात, पण दुधातल्या जिवंत पेशीही मरतात. म्हणून पहिली पसंती आईच्याच ताज्या दुधाला.

एका सिस्टरने भाचीला पेटीजवळ बसवलं, बाळाच्या पायाला हात लावू दिला आणि मग पंप हलका ठेवून लावला. पाचव्या दिवशी एका वेळेला 40 मिली निघालं. पोटातले दिवस धरून बाळ आता 34 आठवड्यांचं झालंय. ओढणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ या सुमारास बसू लागतो. दिवसातून दोनदा बोंडल्याने पाजतात, बाकी अजून नळीनेच.