रॅम्प मोडत नाही, सरकतो

ऑइल बदलायला गाडीखाली शिरायचं तर पुढची दोन चाकं लाकडी रॅम्पवर, म्हणजे फळ्यांच्या उतारावर, चढवून घेता येतात. पण आधी चाकाचा हिशेब. मोटारीचं चाक जमिनीला टेकतं तो तुकडा जेमतेम पोस्टकार्डाएवढा असतो. हे मोजायला गाडीखाली शिरावं लागत नाही. हजार किलोची हॅचबॅक घ्या. इंजिन पुढे असल्याने त्यातले सुमारे ६०० किलो पुढच्या दोन चाकांवर येतात, म्हणजे एका चाकावर ३००. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलोचा दाब. भागाकार केला की १३३ चौरस सेंटिमीटर येतात. पोस्टाचं कार्ड १४ बाय ९, म्हणजे १२६. टायरच्या भिंतीचा ताठपणा धरला तर आकडा थोडा इकडेतिकडे होईल, इतकंच.

आता या चाकाखाली लाकूड ठेवा. पॅकिंगच्या खोक्यांना वापरतात ते साधं पाइनसुद्धा तंतूंच्या आडव्या दिशेने दर चौरस सेंटिमीटरला २५ किलोच्या आसपास भार निमूट झेलतं. चाक मागतंय सव्वादोन. दहापटीचं अंतर आहे. सागवान, साल किंवा बैलगाडीच्या चाकांसाठी वापरली जाणारी बाभूळ असेल तर विचारायलाच नको. म्हणून ‘लाकूड एवढं वजन पेलेल का?’ हा सगळ्यांच्या तोंडी येणारा पहिला प्रश्न खरं तर सगळ्यांत सोपा आहे. वजन पेलणं जड जात नाही. पेललेलं वजन जागच्या जागी ठेवणं जड जातं.

आपल्याकडे गाडीखालचं काम बहुतेक जण गॅरेजवाल्यावर सोपवतात. अमेरिकेत मजुरी महाग आणि घराला गॅरेज जोडलेलं, त्यामुळे तिथे ऑइल घरीच बदलणारे पुष्कळ, आणि त्यांत तिकडे स्थायिक झालेले आपले लोकही आलेच. लाकडी रॅम्प ही त्या घरगुती गॅरेजांमधली जुनी युक्ती: जाड फळ्या एकावर एक रचायच्या, वरची प्रत्येक फळी खालचीपेक्षा आखूड. झाला पायऱ्यापायऱ्यांचा उतार. तिथे ‘टू बाय ट्वेल्व्ह’ म्हणून मिळणारी फळी प्रत्यक्षात दीड इंच जाड आणि सव्वाअकरा इंच रुंद भरते, तेव्हा चार थर लावले तर उंची आठ नव्हे, सहा इंच होते. पहिल्यांदा करणाऱ्यांचा हिशेब इथे हमखास चुकतो.

लाकूड पास होतं, मग वीट का नको? घराच्या मागे चार विटा पडलेल्याच असतात. त्यातही गंमत अशी की कागदावर वीटही पास होते. चांगली भाजलेली वीट दर चौरस सेंटिमीटरला ३५ किलो सोसते, म्हणजे आकडा पाइनहून चांगलाच. तरीही गाडीखाली वीट किंवा सिमेंटचा पोकळ ब्लॉक लावणं हा जिवाशी खेळ आहे, आणि त्याचं कारण आकड्यात नसून तडा कसा पसरतो यात आहे.

ब्रिटिश अभियंता ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ साली काचेवरच्या प्रयोगांतून दाखवलं की ठिसूळ पदार्थ त्याच्या सरासरी ताकदीवर चालत नाही, त्यातल्या सर्वांत वाईट चिरेवर चालतो. चिरेच्या टोकाशी ताण एकवटतो. चीर एका मर्यादेपलीकडे वाढली की पुढे वाढायला लागणारी ऊर्जा तिला पदार्थातूनच मिळत जाते, आणि मग तिला थांबवणारं काही उरत नाही. वीट आणि काँक्रीट दाबाखाली भक्कम असतात, पण ताणाखाली त्यांची ताकद दाबाच्या तुलनेत दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. वीट खडबडीत जमिनीवर ठेवलेली, खाली एका कोपऱ्यात खडा. वरून चासीची अरुंद कड टेकलेली. वीट दबत नाही, वाकायला बघते. वाकताना तिची खालची बाजू ताणली जाते आणि तिथली एखादी भट्टीतलीच चीर काम फत्ते करते. आधी ना आवाज, ना इशारा. आत्ता होती, आता दोन तुकडे.

लाकडाची रचना वेगळी. ते म्हणजे लांबच लांब पोकळ तंतूंची जुडी. तंतू मजबूत, पण त्यांना एकमेकांशी धरून ठेवणारा जोड त्या मानाने कच्चा. हा कच्चेपणाच कामाला येतो. तंतूंना आडवी छेदत येणारी चीर जोडाशी पोचली की सरळ जाण्याऐवजी जोड उकलत बाजूला वळते आणि तिचं टोक बोथट होतं. पदार्थांच्या ताकदीचा अभ्यास करणाऱ्या कुक आणि गॉर्डन यांनी १९६४ मध्ये ही यंत्रणा गणिताने मांडली. परिणाम असा की जास्त भार आला तर लाकूड आधी दबतं, करकरतं, तड्‌तड् वाजतं, तंतू एकेक करून सुटतात. इमारत कोसळल्यावर ढिगाऱ्याला आधार देताना बचाव पथकं आडवे-उभे लाकडी ठोकळे रचतात, त्यामागे लाकूड बोलतं हेही एक कारण आहे.

अर्थात तोच कच्चा जोड उलटही फिरतो. फळीच्या टोकाजवळ, आधी भोक न पाडता, जाड स्क्रू पिळला की ती तंतूंच्या दिशेने सरळ उभी फाटते. आणि दोन टोकांना टेकू देऊन मध्ये पूल केलेली फळी ही वेगळीच गोष्ट आहे. तिथे लाकूड दबत नाही, वाकतं, आणि खालच्या बाजूला एक मोठी गाठ असली की दहापटीचा सगळा हिशेब बाद. रॅम्प भरीव हवा तो यासाठी. पोकळ चौकट ठोकून वर फळी मारलेला रॅम्प दिसायला सुबक असेल, माझ्या गाडीखाली तो नको.

आता सरकण्याकडे येऊ, कारण खरा धोका इथे आहे.

चाक उतारावर उभं असतं तेव्हा ते उताराला काटकोनात दाबतं. त्या दाबाचा एक भाग सरळ खाली जातो, एक भाग रॅम्पला पुढे ढकलतो. उतार १५ अंशांचा आणि चाकावर ३०० किलो असतील तर पुढे ढकलणारा भाग भरतो सुमारे ८० किलो, तोही एकेका रॅम्पवर. खाली शहाबादी फरशी किंवा खरखरीत कोबा असेल तर घर्षण एवढं सहज पेलतं. पार्किंगमधल्या गुळगुळीत टाइल्सवर, वर बारीक धूळ आणि एखादा तेलाचा डाग असेल, तर रॅम्प साबणाच्या वडीसारखा सटकतो.

बोलेरो किंवा ईको यांसारख्या, मागची चाकं फिरवणाऱ्या गाड्यांत ही ढकल पूर्णपणे रॅम्पवर येते. पुढची चाकं नुसती वाहवली जातात, मागून रेटा येतो. आल्टो, स्विफ्ट यांसारख्या पुढची चाकं फिरवणाऱ्या गाड्यांत मामला मजेशीर आहे. चाक स्वतःला वर ओढून घेताना रॅम्पला मागे रेटतं, आणि हा रेटा पुढच्या ढकलीला जवळजवळ खाऊन टाकतो. हळू, एका वेगात चढलात तर रॅम्प जागचा हलत नाही. पण वर पोचत नाही म्हणून अॅक्सिलरेटर दाबलात की मागचा रेटा एकदम वाढतो आणि रॅम्प गाडीच्या पोटाखाली मागे भिरकावला जातो. त्याआधी, चाक नुकतंच उताराच्या ओठाला लागतं त्या क्षणी, रॅम्पवर वजन जवळपास नसतंच. वजन नाही म्हणजे घर्षण नाही. म्हणून पहिल्या धक्क्याला तो पुढे पळतो. एकच रॅम्प, आधी पुढे पळणारा आणि मग मागे उडणारा. तेव्हा गाडी चढताना पुढे कुणी उभं राहू नये, मागेही नाही. खुणा करणाऱ्याने बाजूला उभं राहावं.

याला एक छान साधा उपाय आहे. सर्वांत खालची फळी ओठाच्याही बाहेर हातभर लांब ठेवायची. म्हणजे चाक चढायला लागण्याआधीच रॅम्पच्या शेपटीवर उभं राहतं आणि गाडीचं वजनच रॅम्पला धरून ठेवतं. खाली रबराची चटई चिकटवली तर आणखी बरं.

पायऱ्यांच्या कडा तिरप्या का कापायच्या, याचंही उत्तर याच हिशेबात आहे. २९ सेंटिमीटर त्रिज्येचं चाक ४ सेंटिमीटर उंच उभ्या पायरीवर चढवायला त्यावरच्या भाराच्या ५९ टक्के आडवा जोर लागतो, म्हणजे पावणेदोनशे किलोंच्या घरात. तोच चढ १५ अंशांच्या सलग उतारावर २७ टक्क्यांत होतो. निम्म्याहून कमी. टायरचं रबर दबून थोडं सांभाळून घेतं, पण सुताराकडून तिरपा काप मारून घेण्याचे पैसे वसूल होतात.

बांधणी थोडक्यात सांगतो. ४ सेंटिमीटर जाड, २५ रुंद फळ्या. लांबी वरून खाली ४०, ५५, ७० आणि सर्वांत खालची, शेपटी धरून, सव्वा मीटरच्या आसपास. उंची १६ सेंटिमीटर. शेपटी सोडून एक रॅम्प पाइनमध्ये साडेबारा किलोंच्या आसपास भरतो, एका हाताने उचलता येतो. थर पाण्याला टिकणाऱ्या गोंदाने आणि स्क्रूंनी जोडायचे. स्क्रू इथे वजन पेलत नाहीत, थर एकमेकांवरून घसरू देत नाहीत, एवढंच त्यांचं काम. वरचा माथा सपाट हवा आणि त्याच्या पुढच्या टोकाला आडवा अडसर. ५ सेंटिमीटरचा अडसर ओलांडायला चाकाला भाराच्या दोन तृतीयांश जोर लागतो, म्हणजे हळू येणारी गाडी तिथे थांबते आणि स्टीअरिंगवर बसलेल्याला ते जाणवतं. ओल्या लाकडाची आडवी ताकद जवळजवळ एक तृतीयांशाने उतरते, म्हणून कोकणातल्या पावसाळ्यात रॅम्प अंगणात टाकून ठेवू नयेत. वाळवीचं तर सांगायलाच नको. बाहेरून धड दिसणारी फळी आतून भुगा असू शकते. वापरण्याआधी हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा.

समोरचा बंपर खाली असलेल्या गाड्यांत चाक चढायच्या आधी बंपरच रॅम्पला लागतो. मग उतार आणखी लांब करण्याला पर्याय नाही.

एकदा दोन्ही चाकं सपाट माथ्यावर आली की गाडी तिरकी दिसली तरी चारही चाकं आडव्या पृष्ठभागावर असतात, त्यामुळे ती आपसूक गडगडायला बघत नाही. जॅकपेक्षा रॅम्प उजवा ठरतो तो इथे. जॅकवर एक बाजू वर जाताना गाडी सरळ वर जात नाही. पलीकडच्या चाकांभोवती कमानीत फिरते. टेकलेला बिंदू हळूहळू बाजूला सरकतो आणि डिकीतला कात्री जॅक त्याच्याबरोबर कलतो. दुसरी फसगत डिफरन्शियलची, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या दातेरी जोडणीची. गाडी गिअरमध्ये टाकली की चाकं अडकली असं आपण धरून चालतो, पण इंजिनाला जोडलेल्या दोन चाकांपैकी एक हवेत गेलं की डिफरन्शियल त्याला मोकळं फिरू देतो आणि जमिनीवरचं दुसरंही सुटतं. हँडब्रेक बहुतेक छोट्या गाड्यांत फक्त मागच्या चाकांना. मागची बाजू उचलली की तोही हवेतच. म्हणून जमिनीवर उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावायचे, रॅम्प असो वा जॅक.

हायड्रॉलिक जॅकमध्ये सगळा भार एका रबरी सीलमागच्या तेलावर असतो. सील झिजलं की गाडी हळूहळू उतरते, फाटलं की झपकन. जॅक उचलायला, स्टँड (उचललेल्या गाडीखाली लावायचा लोखंडी टेकू) धरायला, हा नियम त्यातूनच आला. स्टँडवरही आंधळा विश्वास नको: २०२० मध्ये अमेरिकेत सुमारे १७ लाख स्टँड परत मागवावे लागले, कारण कारखान्यातली घडवण्याची साधनं जुनी झाल्याने खाचांमध्ये दात पुरता बसत नव्हता. त्याच देशाच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या २००९ सालच्या अहवालानुसार, गाडी अंगावर पडून तिथे वर्षाला दीडशेहून अधिक माणसं मरत होती.

मरतात कशाने, हेही समजून घ्यायला हवं. बरगड्या मोडल्याच पाहिजेत असं नाही. छोट्या गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची १७ सेंटिमीटरच्या आसपास. उताण्या झोपलेल्या माणसाची छाती त्याहून जाड. छाती फुगायला जागा उरली नाही की फुफ्फुसांत हवा जात नाही, आणि हवा नाही म्हणून हाकही मारता येत नाही. काही मिनिटांत शुद्ध हरपते. अशा कामाला घरात कुणीतरी जागं आणि ऐकण्याच्या टप्प्यात असायला हवं. शिवाय स्टेपनी आडवी करून, वर एक फळी ठेवून, दाराखालच्या कडेखाली सरकवून ठेवावी. फुकटचा दुसरा आधार आहे, आणि तो लावायला अर्धं मिनिट लागतं.

खाली जाण्याआधी गाडीला कमरेने जोरात धक्का द्या, दोन-तीन बाजूंनी. पडायची असेल तर तुम्ही बाहेर असताना पडू दे. हा धक्का उगाच नाही. चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या पात्राचा, नट साधारण ४० न्यूटन-मीटरला आवळलेला असतो, पाव मीटरच्या पान्याने तो १६ किलोंच्या ओढीत सुटतो. पण गंजलेला सायलेन्सरचा बोल्ट सुटेना म्हणून पान्याला पाइप घालून दोन्ही हातांनी ओढायला लागलात की गाडीला आडवा हिसका बसतो, आणि तुम्ही बरोबर तिच्याखाली असता. असे हट्टी बोल्ट आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवावेत. इंजिन चालू ठेवून खाली जायचंच नाही. बंद गॅरेजात कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

ऑइल नवं भरल्यावर डिपस्टिक मात्र रॅम्पवर बघू नका. गाडी तिरकी असल्यामुळे चेंबरमधलं तेल मागे जमा झालेलं असतं आणि पट्टी खोटं सांगते. हळूच रिव्हर्समध्ये खाली उतरवा, सपाट जागी पाच-दहा मिनिटं उभी ठेवा, मग पट्टी पुसून पुन्हा घालून बघा.