अमेरिकन शेठजींच्या तसबिरी

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन धनिकांची तैलचित्रं ओळीने पाहत गेलं की एक गोष्ट खटकते. समोरचा माणूस नेमका कोणता धंदा करत होता, याचा बहुतेकदा पत्ताच लागत नाही. काळा कोट, पांढरीशुभ्र कॉलर, मागे गडद पडदा, हातात फार तर एखादं पत्र. पेढीवाला, किराणा मालाचा घाऊक व्यापारी, रेल्वेवाला, सगळे एकाच साच्यातले.

आधीच्या पिढीत असं नव्हतं. जॉन सिंगलटन कॉप्लीने बॉस्टनमध्ये १७६७ साली निकोलस बॉयल्स्टन या व्यापाऱ्याला रंगवलं, तेव्हा त्याच्या अंगात हिंदुस्थानी धाटणीचा सैल रेशमी झगा होता, पण कोपर टेकलं होतं हिशेबाच्या वह्यांवर आणि मागे समुद्रात जहाज होतं. माल कुठून येतो आणि पैसा कुठे मोजला जातो, दोन्ही चित्रातच. पुढे ही जहाजं आणि चोपड्या हळूहळू चौकटीबाहेर गेल्या.

माझ्या मते याचं कारण आहे पत, म्हणजे बाजारातला भरवसा. इंग्लंडमधल्या उमरावाला जमीन होती, वंशावळ होती. अमेरिकन व्यापाऱ्याकडे होता तो फक्त शब्द. कर्जदाराची पत तपासून माहिती विकणारी लुईस टॅपनची एजन्सी न्यूयॉर्कमध्ये निघाली ती १८४१ साली. तोवर माणसाचा चेहरा, कपडे आणि वागणं हेच तारण. चीनमधल्या कँटन बंदरातल्या हौक्वा या बड्या व्यापाऱ्याची चित्रं त्याच्याशी व्यवहार करणाऱ्या अमेरिकनांच्या घरात लागलेली असत, तीही याच भावनेने. मग आपलं स्वतःचं चित्र काढून घेताना घामाचा वास येणारं काहीही कशाला दाखवायचं? खानदानी दिसणं हा धंद्याचाच भाग होता. ऐपत नसणाऱ्यांचीही सोय होती म्हणा. विल्यम मॅथ्यू प्रायर या चित्रकाराने १८३१ मध्ये जाहिरातच दिली होती की छायाप्रकाशाशिवायचं सपाट चित्र चालणार असेल, तर ते पाव किमतीत मिळेल.

या सगळ्या रिवाजाला एका माणसाने सरळ नकार दिला. पॅट लायन हा फिलाडेल्फियातला लोहार आणि कुलूपवाला. १७९८ मध्ये तिथल्या बँक ऑफ पेनसिल्व्हेनियातून १,६२,८२१ डॉलर चोरीला गेले. तिजोरीच्या लोखंडी दारांचं काम लायननेच केलेलं, त्यामुळे संशय त्याच्यावर. वास्तविक पिवळ्या तापाची साथ आली म्हणून तो शहर सोडून डेलावेअरमध्ये गेला होता. आपल्यावर आळ आल्याचं कळताच तो आपणहून परतला आणि वॉलनट स्ट्रीटच्या तुरुंगात जाऊन पडला. खरा चोर सापडला तो स्वतःच्या मूर्खपणामुळे: चोरलेला पैसा त्याने त्याच बँकेत भरायला सुरुवात केली! तरीही लायनची लगेच सुटका झाली नाही. त्याने बँकेच्या लोकांवर दावा लावला, आणि १८०५ मध्ये ज्यूरीने त्याला १२,००० डॉलर भरपाई मंजूर केली. पुढे तडजोड ९,००० वर झाली.

नंतर आगीचे बंब बनवून लायन चांगला सधन झाला. म्हातारपणी तो जॉन नीगल या तरुण चित्रकाराकडे गेला आणि अट घातली: मला पूर्णाकृती रंगवायचं, पण सभ्य गृहस्थ म्हणून नाही, तसा माझा दावाही नाही. ऐरणीपाशी, बाह्या सरसावलेल्या, कातडी ॲप्रन बांधलेला असा मी दिसलो पाहिजे. १८२६-२७ मधलं हे चित्र आज बॉस्टनमध्ये आहे. हातात हातोडा, मागे भात्यापाशी पोरगा, आणि खिडकीतून दिसणारा तुरुंगाचा घुमट. तो घुमट तिथे उगाच आलेला नाही. सदरा मात्र लोहाराच्या मानाने फारच स्वच्छ आहे आणि बुटांना बकलं आहेत. म्हातारा अगदीच साधा नव्हता.

लायनचा कित्ता फारसा कुणी गिरवला नाही. १८३९ नंतर डॅगेरोटाइप, म्हणजे धातूच्या पत्र्यावरचं सुरुवातीचं छायाचित्र, आलं, तरी तैलचित्रांची मागणी संपली नाही. उलट चित्रकारांना छायाचित्राचा आधार मिळाला. क्रिश्चन शुसेलेने १८६२ मध्ये रबरवाला गुडइयर, पिस्तुलवाला कोल्ट, कापणीयंत्रवाला मॅककॉर्मिक, तारयंत्रवाला मोर्स अशा १९ संशोधक-कारखानदारांना एका खोलीत जमलेलं दाखवलं. मोर्सच्या पुढ्यात त्याचं तारयंत्रही ठेवलं. ही मंडळी अशी कधी एकत्र जमलीच नव्हती, आणि गुडइयर तर दोन वर्षांपूर्वीच वारला होता. चित्र काढून घेणारा जॉर्डन मॉट स्वतः लोखंडाचा कारखानदार. अर्थातच तोही त्यात आहे.

संस्थांनीही हौस भागवून घेतली. १७६८ साली स्थापन झालेल्या न्यूयॉर्कच्या चेंबर ऑफ कॉमर्सने शतकभरात आपल्या मंडळींच्या चित्रांचा एवढा संग्रह केला की १९०२ मध्ये लिबर्टी स्ट्रीटवर नवी इमारत झाली तेव्हा तिथल्या सभागृहाच्या भिंती त्यांनीच भरून गेल्या.

तोवर बड्या धनिकांना चित्रकारासमोर तासन्‌तास बसायला सवड उरली नव्हती. न्यूयॉर्कचा बडा बँकर जे. पी. मॉर्गन तर बसायचाच नाही. म्हणून १९०३ मध्ये फेडोर एन्के या चित्रकाराने एडवर्ड स्टायकेन या तरुणाला संदर्भासाठी छायाचित्र काढायला सांगितलं. स्टायकेनने आधी इमारतीच्या झाडूवाल्याला खुर्चीत बसवून प्रकाश जमवून घेतला. मॉर्गन आला, दोन छायाचित्रं झाली, तीन मिनिटांत काम आटोपलं. खूश होऊन त्याने ५०० डॉलर रोख दिले. एक छायाचित्र एन्केच्या कामी आलं. दुसऱ्यात मॉर्गन वैतागून थेट लेन्सकडे बघतोय आणि खुर्चीचा चकाकणारा हात मुठीतल्या खंजिरासारखा दिसतो. प्रूफ पाहून मॉर्गनने ते तिथल्या तिथे फाडलं. पुढे त्याच छायाचित्राच्या प्रतीसाठी त्याने ५,००० डॉलर देऊ केले, तेव्हा प्रती काढून द्यायला स्टायकेनने मुद्दाम काही वर्षं लावली. एन्केचं तैलचित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. मॉर्गन म्हटलं की लोकांना आठवतं ते छायाचित्र.