वेब फॉर्मचे सादरीकरण व एचटीटीपी विनंती-पद्धती

ब्राउझरमधील फॉर्ममध्ये भरलेली माहिती सर्व्हरकडे पाठवण्याची क्रिया म्हणजे सादरीकरण. ती माहिती कोणत्या हेतूने आली आहे, हे सर्व्हरला एचटीटीपीतील (ब्राउझर व सर्व्हर यांच्यातील देवाणघेवाणीचे नियम) विनंती-पद्धतीवरून कळते. सांगलीच्या बाजारातला हळदीचा भाव पाहणे हे नुसते वाचन, त्यासाठी गेट ही पद्धत. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज करणे म्हणजे नवी नोंद, त्यासाठी पोस्ट. गेटमध्ये माहिती वेब पत्त्यातच (यूआरएल) प्रश्नचिन्हापुढे जोडली जाते, पोस्टमध्ये विनंतीच्या मजकुरातून जाते.

उगम : १९९१ च्या मूळ एचटीटीपीत गेट ही एकच पद्धत होती. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या १९९२ च्या मसुद्यात मात्र हेड, पुट (दिलेल्या पत्त्यावर मजकूर ठेवणे), पोस्ट, डिलीट (तो काढून टाकणे), लिंक, चेकआउट अशी लांबलचक यादी आढळते. चित्रावर कुठे क्लिक झाले ते कळवणारी स्पेसजंप नावाची पद्धतही तीत आहे. मे १९९६ मधील आरएफसी १९४५ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) गेट, हेड व पोस्ट या तीनच पद्धती मुख्य मजकुरात राहिल्या, काहींची रवानगी परिशिष्टात झाली.

फॉर्मचा काळ साधारणतः १९९३ धरतात. त्याआधी ‘आयएसइंडेक्स’ हा शोधशब्दाचा एकच रकाना होता. डेव्ह रॅगेट यांचा एचटीएमएल (वेब पाने लिहिण्याची भाषा) प्लस मसुदा आणि एनसीएसए या अमेरिकी संगणन केंद्राचा मोझेक ब्राउझर या दोन्हींत त्याच सुमारास फॉर्म दिसतो. श्रेय एकाच्याच पदरात टाकण्यापेक्षा मसुदा व ब्राउझर हातात हात घालून वाढले, असे मानणे अधिक सयुक्तिक. नोव्हेंबर १९९५ मध्ये एचटीएमएल २.० ने फॉर्म प्रमाणित केला. फाइल जोडण्याची सोय सुचवणारा आरएफसी १८६७ त्याच महिन्यातला.

पोस्टचा नेमका अर्थ काय, यावर दोन मते आढळतात. १९९९ च्या आरएफसी २६१६ नुसार पोस्टने दिलेला मजकूर त्या पत्त्याच्या हाताखालची नवी नोंद ठरतो. २०१४ च्या आरएफसी ७२३१ ने ही अट सैल केली : मजकुराचे काय करायचे ते सर्व्हरने आपल्या रीतीप्रमाणे ठरवावे. प्रत्यक्ष वापराशी दुसरी व्याख्याच जुळते.

देवनागरी मजकूर : अक्षरे बाइटांत साठवण्याच्या यूटीएफ-८ या रीतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्के-चिन्ह व दोन षोडशमान अंक (० ते ९ व A ते F) असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरे. ‘सांगली’मध्ये काना, अनुस्वार, वेलांटी धरून सहा चिन्हे आहेत, पत्त्यात ती ५४ अक्षरे होतात. ‘सातारा’चेही तेच. २०२२ च्या आरएफसी ९११० मध्ये किमान ८,००० बाइटांचा पत्ता स्वीकारावा अशी शिफारस आहे. देवनागरीत ती मर्यादा नऊशे चिन्हांच्या आतच संपते. मोठा अर्ज गेटने न पाठवण्याचे हे एक कारण.

पुनरावृत्ती : गेट ‘सुरक्षित’ मानली जाते, म्हणजे तिने सर्व्हरवर काही बदलू नये. पुट व डिलीट पुन्हापुन्हा पाठवल्या तरी परिणाम एकदाच पाठवल्यासारखा. पोस्टला ही हमी नाही. मिरज किंवा कराडच्या सेवा केंद्रात सबमिट दाबल्यावर नेट गेले, की अर्ज पोहोचला की नाही हे चालकाला कळत नाही; पान रिफ्रेश केले तर ब्राउझर ‘माहिती पुन्हा पाठवायची का’ असे विचारतो. हो म्हटले की दुसरा अर्ज, कधी दुसरे शुल्कही. हा भुर्दंड अर्जदाराला पडू नये, ही जबाबदारी फॉर्म बनवणाऱ्याची आहे. उपाय दोन : अर्ज स्वीकारताच ३०३ या क्रमांकाच्या, ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर पाठवणाऱ्या उत्तराने पावतीच्या पानाकडे वळवणे, म्हणजे रिफ्रेश केल्यास फक्त पावतीच पुन्हा येते, आणि प्रत्येक फॉर्मला एकदाच चालणारा टोकन (खूणक्रमांक) देणे. नेट मध्येच तुटल्यास पहिला उपाय अपुरा पडतो, म्हणून टोकन अनिवार्य मानावा. असेच वळवणाऱ्या जुन्या ३०२ उत्तरावर बहुतेक ब्राउझर पोस्टचे गेट करत. तो घोळ निस्तरण्यासाठी आधी ३०३ व नंतर पद्धत तशीच राखणारा ३०७ आला.

गोपनीयता : पोस्ट म्हणजे गुप्त, हा समज चुकीचा, मजकूर झाकला जातो तो एचटीटीपीएसमुळे (एचटीटीपीचे कूटबद्ध रूप). तथापि गेटमधली माहिती ब्राउझरच्या इतिहासात व सर्व्हरच्या नोंदवहीत उरते. दिवसभर अनेकांचे अर्ज भरणाऱ्या केंद्रातल्या संगणकावर आधार क्रमांक असा उघडा राहणे गंभीर आहे.

इतर पद्धती : अंशतः बदलासाठी पॅच २०१० मध्ये आली (आरएफसी ५७८९). फॉर्ममध्ये पुट व डिलीटला जागा देण्याचा प्रस्ताव एचटीएमएल ५ च्या मसुद्यांत होता, तो पुढे वगळला गेला. त्यामुळे वेब पानात या पद्धती जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेमार्फतच वापरल्या जातात.