५१ मतं म्हणजे हवी तशी कात्री नव्हे

अमेरिकी सिनेटमध्ये ५१ मतं असली की सत्ताधारी पक्ष हव्या त्या खर्चाला कात्री लावू शकतो, असा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. ‘रिकन्सिलिएशन’ म्हणजे कर आणि खर्चाचं खास विधेयक साध्या बहुमताने मंजूर होतं, पण त्याला बर्ड नियमाची चाळण आहे: ज्या कलमाचा अर्थसंकल्पावरचा परिणाम निव्वळ आनुषंगिक, ते हरकत आली की गळतं, वाचवायला ६० मतं लागतात. सोशल सिक्युरिटीला, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन योजनेला, तर यातून हातच लावता येत नाही.

२०२५मध्ये ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोचा निधी शून्यावर आणायचा रिपब्लिकनांचा बेत होता. सिनेटच्या नियमतज्ज्ञ अधिकाऱ्यांनी तो नियमबाह्य ठरवला. या ब्युरोला निधी मध्यवर्ती बँकेकडून, फेडरल रिझर्व्हकडून मिळतो; शेवटी त्या बँकेच्या खर्चाच्या १२ टक्क्यांची मर्यादा ६.५ टक्क्यांवर आणून थांबावं लागलं. कपात झालीच, आणि ती लहान नाही.

वार्षिक खर्चाच्या विधेयकांवर तर चर्चा थांबवून मतदानाकडे जायलाच ६० मतं लागतात.