चिया सीड्स भिजवायचे की वाटायचे?

बाबांच्या रिपोर्टमध्ये एलडीएल म्हणजे ते वाईट कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, डॉक्टरांनी गोळी चालू केली आणि दुसऱ्याच दिवशी आईने चिया सीड्सचं पाकीट आणलं, कारण कुणीतरी तिला सांगितलं होतं की रात्री भिजवून सकाळी उपाशीपोटी घेतलं की हार्टच्या नळ्या साफ होतात. नळ्या वगैरे काही साफ होत नाहीत, पण म्हणून चिया अगदीच टाकाऊ आहे असंही नाही.

आधी एक घोळ मिटवते. चिया म्हणजे सब्जा नव्हे. फालुद्यात घालतो तो सब्जा, तुळशीच्याच एका जातीचं बी, काळंभोर आणि पाण्यात टाकलं की बघता बघता फुगणारं. चिया मूळचं मेक्सिको-ग्वाटेमालाकडचं, ॲझ्टेक लोकांचं धान्य, बी राखाडी-काळपट आणि ठिपकेदार, नीट बघितलं तर संगमरवरासारखी नक्षी दिसते, आणि फुगायला जरा वेळ घेतं. दोन्ही तुळशीच्या कुळातले, म्हणून दिसायला भाऊ-भाऊ.

आता हार्टचं. एक चमचा चिया ग्लासभर पाण्यात टाकून अर्ध्या तासाने बघा, प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत जेलीचं कवच आलेलं असतं, कारण चिया स्वतःच्या वजनाच्या दहापट तरी पाणी धरून ठेवतो. हा बुळबुळीतपणा म्हणजे विरघळणारं फायबर. आतड्यात असलं फायबर पित्तरसातली आम्लं धरून ठेवतं आणि शौचावाटे बाहेर काढतं, मग लिव्हरला नवीन पित्त बनवायला कच्चा माल लागतो, तो कच्चा माल म्हणजेच कोलेस्टेरॉल, आणि ते लिव्हर रक्तातून उचलतं. इसबगोलाचंही असंच चालतं. 28 ग्रॅम चियात जवळजवळ 10 ग्रॅम फायबर असतं, पण 135-140 कॅलरीही असतात हे पाकिटावर कुणी मोठ्या अक्षरात छापत नाही.

दुसरी गोष्ट ओमेगा-3, म्हणजे हार्टसाठी चांगली मानली जाणारी चरबी. तेवढ्याच 28 ग्रॅममध्ये 5 ग्रॅमच्या आसपास एएलए नावाचं ओमेगा-3 असतं, म्हणजे भरपूरच, फक्त बांगडा-तारलीत ओमेगा-3चे जे दुसरे प्रकार, ईपीए आणि डीएचए, तयार मिळतात ते आपल्या शरीराला एएलएपासून बनवावे लागतात आणि त्यात आपलं शरीर फार कच्चं आहे, थोडासाच भाग बदलतो.

आणि गंमत इथे आहे, आख्खा दाणा बऱ्याचदा न फुटता तसाच बाहेर पडतो. अमेरिकेत 2012 साली छापून आलेल्या एका प्रयोगात पाळी गेलेल्या बायकांना 10 आठवडे रोज 25 ग्रॅम चिया दिला, ज्यांनी दळून खाल्ला त्यांच्या रक्तात एएलए आणि ईपीए दोन्ही वाढलं, आख्खा खाणाऱ्यांमध्ये फरकच नाही. म्हणजे फायबरसाठी भिजवलेला चालतो, पण ओमेगा हवं असेल तर मिक्सर काढा. एकदम किलोभर वाटून ठेवू नका मात्र, तेल खवट होतं, आठवड्यापुरतं वाटून फ्रीजमध्ये ठेवायचं.

बीपीचं काय? टोरांटोच्या संशोधकांनी 2007 मध्ये डायबेटिसच्या 20 पेशंटना 12 आठवडे रोज 37 ग्रॅम चिया दिला तेव्हा गव्हाच्या कोंड्याच्या तुलनेत वरचं बीपी सहाएक पॉइंटने उतरलं. ऐकायला भारी वाटतं, पण माणसं फक्त 20, आणि 2009 मध्ये जाड लोकांवर केलेल्या दुसऱ्या प्रयोगात रोज 50 ग्रॅम देऊनही वजन, बीपी, कोलेस्टेरॉल काहीच हललं नाही. त्यामुळे गोळी बंद करून चिया खाणं हा शुद्ध वेडेपणा आहे, गोळीसोबत खायचा तर खा, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

हो, आणि कोरडा चिया तोंडात टाकून वरून पाणी पिऊ नका, अमेरिकेत एकाने चमचाभर तसा खाल्ला तर तो अन्ननलिकेतच फुगून बसला आणि दुर्बीण घालून पुढे पोटात ढकलावा लागला.

हे सगळं आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग जवसाची चटणी काय वाईट होती?" खरं तर काहीच नाही. जवसात वजनाला वजन एएलए चियापेक्षा थोडं जास्तच भरतं, विदर्भ-मराठवाड्यात ती चटणी पिढ्यान्‌पिढ्या भाजून कुटूनच खातात, म्हणजे दळायचा प्रश्न तिथे आधीच सुटलेला, आणि किलोचा भावही चियापेक्षा बराच कमी. मीठ तेवढं बेताने घाला, बीपीवाल्यांसाठी. सध्या आमच्याकडे चियाचं पाकीट अर्धं तसंच पडून आहे आणि बाबा भाकरीवर चटणी-तेल घेऊन खुश आहेत, गोळी चालूच आहे.